गरम पाण्यात पाय सोडून बसणाऱ्यांनो, इकडे या

दिवसभर वर्गात उभं राहून टाचा भरून येतात. महिनाभर रात्री घंगाळात सोसवेल इतकं गरम पाणी घेऊन १५ मिनिटं पाय बुडवून बसतेय. (घंगाळ आजीचं. लेकीच्या मते त्यात मनीप्लांट शोभेल.) टाचदुखी गेली असं नाही म्हणणार, पण झोप छान लागते. तुमचे अनुभव लिहा. तेला-मलमांच्या जाहिराती नकोत.

निशाचर :
झोपेचं पटलं. पण अगदी गादीवर पडताना नको, तास-दीड तास आधी. गरम पाण्याने कातडीकडे रक्त धावतं, अंगातली उष्णता बाहेर पडते आणि आतलं तापमान उतरायला लागलं की डोळा लागतो. मी आधी कढत आंघोळ करून थेट आडवा व्हायचो नि घामाघूम होऊन पंखा बघत पडायचो.

माहेरवाशीण :
माझं माहेर दापोलीकडचं. लावणी आटपली की आजी उन्हवऱ्याच्या कुंडावर जायची. तिथे बायकांचं कुंड वेगळं, पुरुषांचं वेगळं. झऱ्याच्या तोंडाशी हात घालायची सोय नाही, इतकं कढत पाणी. गंधकाचा वास घरापर्यंत अंगाला. चांदीची जोडवी काढून ठेवा, काळी पडतात. लहानपणी वाटायचं खाली ज्वालामुखी आहे. तसं काही नाही, पावसाचंच पाणी भेगांतून खोल मुरतं आणि तापून वर येतं. आजीचा गुडघा काही बरा झाला नाही, पण पुढचे दोन दिवस ती मांडी घालून जेवायची.

कोपर :
आमचा अनुभव वाईट आहे. बाबांना जुना मधुमेह, तळपायांना संवेदना कमी. "काही लागत नाही, अजून ओत," म्हणाले, मी ओतलं. सकाळी दोन्ही पावलांवर फोड. जखमा भरायला तीन महिने गेले. ते पाणी मी हाताने पाहिलंसुद्धा नव्हतं. मधुमेह्यांनी पाय भिजवायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

धागाकर्ती :
बापरे! सासूबाई कालच घंगाळ मागत होत्या. लपवते.

ओला टॉवेल :
नोकरीसाठी जपानात होतो. तिथल्या ऑनसेनमध्ये (गरम झऱ्याच्या पाण्याची सार्वजनिक न्हाणीघरं) कपडे नाहीत! आधी स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ व्हायचं, मग ४०-४२ अंशांच्या पाण्यात उतरायचं. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. पाच मिनिटं लाज वाटली, नंतर कळलं की कोणी बघतच नाही. घरीसुद्धा टबातल्या त्याच पाण्यात सगळं कुटुंब आळीपाळीने बसतं. आईला सांगितलं तर म्हणाली, "शी!" एकदा झटकन उठलो नि डोळ्यांपुढे अंधारी आली. रक्तवाहिन्या सैलावल्या की रक्तदाब उतरतो. काठ धरून सावकाश उठा.

नाव नको :
कोणी लिहिणार नाही म्हणून मी लिहितो. मूळव्याध. कोमट पाण्याच्या टबात १०-१५ मिनिटं बसायचं, पाण्यात काहीही न घालता. मी हौसेने जंतुनाशक घातलं होतं. पुढचं विचारू नका.

धागाकर्ती :
सगळ्यांचे आभार. काल लेक पुस्तक घेऊन घंगाळात पाय सोडून बसली होती. माझ्या वाट्याला पाणी आलं तेव्हा ते गार झालेलं.