मदत हवी आहे : जुन्या मारुती ८००चे सस्पेन्शन बुश बसवताना कोणते ग्रीस वापरावे?

माझ्याकडे १९९७ची मारुती ८०० असून तिच्या पुढच्या लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बुश, म्हणजे सांध्यातील रबरी गाद्या, आणि स्टॅबिलायझर बारचे (वळणावर गाडी कलू न देणारी सळई) रबरी बुश या रविवारी नाशिकमध्ये घरीच बदलायचे आहेत. दोन वर्षांपूर्वी मेकॅनिकने बार-बुश बसवताना साधे पिवळे ग्रीस भरपूर चोपडले होते. आता काढून पाहिले तर रबर फुगून मऊ पडले आहे. खनिज तेलाचे ग्रीस नैसर्गिक रबर खराब करते, हे त्यामुळे चांगलेच पटले.

आर्मचे बुश धातूच्या नळीला चिकटवलेले आहेत. त्यांत रबर घसरत नाही, पिळले जाते. म्हणून आत ग्रीस लावणार नाही आणि मधला बोल्टही गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच पूर्ण आवळणार आहे. बुश आर्ममध्ये दाबून बसवताना साबणाचे पाणी पुरेल असे वाटते. त्र्यंबक रस्त्यावरच्या गतिरोधकांवर पुढून येणारा कुईकुई आवाज मात्र बारच्या बुशचाच आहे. पाणी मारले की तो थोडा वेळ थांबतो. द्वारका परिसरातील दोन दुकानांत सिलिकॉन ग्रीस मागितले, तर दोन्हीकडे चासी ग्रीसच (खनिज तेलाचे साधे ग्रीस) पुढे केले. पॉलियुरेथेनचे बुश घ्यायचे नाहीत, बॉल जॉइंट ठीक आहेत आणि टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोराने, म्हणजे टॉर्कने, आवळायचा पाना) आहे.

तेव्हा बारच्या साध्या रबरी बुशच्या आतील बाजूस सिलिकॉन ग्रीस लावावे की ते कोरडेच बसवावेत? आणि आर्मचा बोल्ट गंजून नळीत अडकू नये म्हणून त्याच्या गुळगुळीत दांड्याला अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारी पेस्ट) लावून आटे कोरडे ठेवले, तर पुस्तिकेतील टॉर्क तसाच धरता येईल का?