घसा दुखून गेला, आता लेकीचे हात आपोआप उडतात

इंदूरकर_आई: लेक 9 वर्षांची. अडीच महिन्यांपूर्वी घसा दुखून ताप आला होता, बरी झाली. आता हात आपोआप उडतात, पोह्यांचा चमचा तोंडाशी जाईस्तोवर अर्धे पोहे फ्रॉकवर, अक्षर पार बिघडलंय, उगाच रडते. शाळेत म्हणतात मुद्दाम करते. घशाचा नि मेंदूचा काय संबंध हो?

रामबागवाली: ताई, मुद्दाम नाही करत ती, रागावू नका! माझ्या भाच्याला हेच झालेलं, सिडनहॅम कोरिया. घसा दुखवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जंतूशी लढायला शरीर अँटिबॉडी बनवतं, पण त्या जंतूचे काही भाग मेंदूतल्या बेसल गँग्लियासारखे (हालचाली सांभाळणारा भाग) दिसतात, मग अँटिबॉडी तिथेच चिकटतात आणि हालचालींवरचा ताबा सुटतो. झोपेत हात शांत असतात का बघा, आमच्याकडे तसंच होतं. मुलांच्या न्यूरोलॉजिस्टला लगेच दाखवा आणि हृदयाची इको (सोनोग्राफीसारखी तपासणी) कराच, कारण हा र्‍ह्युमॅटिक फीवरचाच (अशा घशाच्या संसर्गानंतर हृदय-सांध्यांना होणारा आजार) भाग, झडपा खराब होऊ शकतात. भाच्याला दर 3 आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन असतं, वर्षानुवर्षं चालतं, चुकवायचं नाही.

ग्वाल्हेरचा_दादा: एएसओ (या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडीची रक्ततपासणी) नॉर्मल आला तरी गाफील राहू नका, कोरिया उशिरा येतो तोवर एएसओ उतरलेला असू शकतो.

इंदूरकर_आई: हो, झोपेत अगदी शांत असते! काल रागावले हो तिला. उद्याच नेते.