अनुभव धागा : घाई नेमकी कुठे नडते?

'कामात घाई नको' हे सगळेच म्हणतात, इथे तेवढंच लिहू नका. कुठल्या टप्प्यावर घाई केली की काय बिघडतं, का बिघडतं आणि तारीख हलत नसेल तर वेळ कुठून काढायचा, ते लिहा. किस्से नकोत. मुंबईची हवा आणि मुंबईचं गिऱ्हाईक धरून लिहिलंत तर उत्तम.

शाडूकाम, परळ
घाई नडते ती वाळवणीत. माती बाहेरून आधी वाळते आणि आकसते, आतली ओलीच राहते, मग तडा ठरलेला. मान, सोंडेचं वळण आणि जिथे हात जोडलाय तो सांधा, तडे इथेच जातात. म्हणून पोकळ मूर्तीची जाडी सगळीकडे सारखी ठेवायची, फूटभर मूर्तीला अर्धा ते पाऊण इंच. सांधा जोडताना दोन्ही बाजू खरवडून पातळ चिखल लावायचा, नुसतं पाणी लावून दाबायचं नाही.

पहिले दोन दिवस वरून सैल ओलसर फडकं, मग सावलीत उघडी. पंखा लावलात तर झोत भिंतीवर मारा, मूर्तीवर नको. आषाढ-श्रावणात आठ-दहा दिवस धरा, झड लागली तर पंधरा. वाळली की नाही हे रंगावरून ठरवू नका, वजन करा. लागोपाठ दोन दिवस काटा तोच आला तर वाळली. ओल असताना रंग दिला की आतली वाफ बाहेर येताना रंगाला फोड येतात, मग पोपडे निघतात.

घरचा गणपती, दादर
दादा, हेअर ड्रायर चालेल का? आणि तडा गेलाच तर?

शाडूकाम, परळ
ताई, ड्रायर नको, कारण तेच. तडा ओल्या मातीने भरला तर ती भरही आकसून सुटते. वाळलेल्या शाडूची वस्त्रगाळ पूड, भिजवून कुटलेला कागद आणि डिंक एकत्र करून भरा, भर थोडी उंच ठेवा, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासा.

छपाई, गिरगाव
१९०९ मध्ये मुंबईतून 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला तेव्हा खिळे जुळवायला माणसं बसत. आता मजकूर युनिकोडमध्ये येतो आणि पानं लावताना कितीकदा जुन्या फॉन्टमध्ये बदलला जातो. घोळ तिथे होतो. 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' होतो, 'ॲ' गायब होतो, अवतरणचिन्हं उलटी बसतात. मूळ मजकूर आधी तपासलाय म्हणून बदलल्यानंतरचं वाचन टाळतात, आणि नेमकं तेच करायला हवं. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून बघायचं. मथळे, लेखकांची नावं, अनुक्रमणिकेतले पानक्रमांक शेवटी वेगळे तपासा, सर्वात मोठ्या अक्षरातली चूकच सुटते.

मुखपृष्ठाची शाई पुरती सुकण्याआधी मॅट लॅमिनेशन केलं तर गडद रंगावर चंदेरी ठिपके दिसतात. एक दिवस द्या, दमट हवेत दोन. तो दिवस काढायचा तर मुखपृष्ठ आतल्या पानांच्या आधी छापून घ्या. हे सगळ्यांना माहीत असतं, पण चित्रच उशिरा येतं!

आवाज-मुद्रण, गोरेगाव
थोडक्यात. माइक तोंडापासून एक वीत, जरा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ'चा फटका बसत नाही. वाचन सुरू करण्याआधी खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट मुद्रित करा, संकलनात दोन तुकड्यांमध्ये तीच भरता येते. हा अर्धा मिनिट वाचवला की प्रत्येक जोडावर आवाजाचा तळ, म्हणजे मागे सतत असलेला खोलीचा बारीक आवाज, बदलतो आणि ऐकणाऱ्याला खटकतं. लोकलचा आवाज सॉफ्टवेअरने पुसायच्या भरीला पडू नका, त्यात 'स' आणि 'श' बोथट होतात. वाक्य पुन्हा घ्या.

घरचा गणपती, दादर
डोळ्यांच्या आखणीबद्दलही सांगा ना. दोन डोळे कधीच सारखे येत नाहीत.

शाडूकाम, परळ
एक डोळा पुरा करून दुसऱ्याला हात घालता म्हणून. कपाळाच्या मध्यापासून सोंडेपर्यंत पेन्सिलची फिकट रेघ मारा, तिच्यापासून दोन्ही डोळ्यांचे कोपरे डिव्हायडरने मोजा. मग प्रत्येक पायरी दोन्हीकडे : दोन्ही पांढरे, दोन्ही वरच्या पापण्या, दोन्ही बुबुळं, शेवटी प्रकाशाचे ठिपके एकाच बाजूला. बुबुळ वरच्या पापणीला थोडं टेकलेलं हवं. मध्ये सुटं ठेवलं तर मूर्ती दचकल्यासारखी दिसते, फार वर नेलं तर छताकडे बघते. मूर्ती चौरंगाच्या उंचीवर ठेवून समोर बसून तपासा, मांडीवर घेऊन नाही.

ब्रश ट्रिपल झीरो, म्हणजे अगदी बारीक, कोपर टेबलावर टेकलेलं. आखणीआधी चेहऱ्यावर पारदर्शक ॲक्रिलिकचा एक पातळ हात मारून सुकू द्या. रेघ चुकली तर ओल्या इअरबडने लगेच पुसता येते. तो हात नसेल तर बडबरोबर खालचा अंगरंगही निघून येतो आणि अख्खा चेहरा पुन्हा रंगवावा लागतो.