विषय: माईचं वर्षश्राद्ध, 25 मे की 24 जून? (तिकिटं काढण्याआधी वाचा)

ताई, गंगापूर रोड, नाशिक

नमस्कार. जूनची तिकिटं काढणार असाल तर थांबा. काल गुरुजी घरी येऊन गेले. माई गेली ज्येष्ठ शुद्ध दशमीला, 5 जून 2025. यंदा ज्येष्ठ अधिक आलाय, 17 मे ते 15 जून. गुरुजी म्हणाले, पहिलं वर्षश्राद्ध अधिकातल्या दशमीलाच, कारण बारा चांद्रमास तिथेच भरतात. पुढच्या वर्षीपासून नेहमीच्या ज्येष्ठात. म्हणजे सोमवार, 25 मे. सकाळी रामकुंडावर विधी, संध्याकाळी 6 ला घरी आठवणींची बैठक. अण्णांनी नुसती मान हलवली. कोण कोण येतंय ते आजच कळवा, जेवणाचं सांगायचंय.

वहिनी, हॅरो

ताई, आमची 22 जूनची दोन्ही तिकिटं निघाली गं. परत केली तर एक पैसा मिळणार नाही. आणि आमच्या सांगलीकडे अधिकात श्राद्ध करतच नाहीत. सासूबाई असत्या तर त्यांनी ऐकूनच घेतलं नसतं. दुसऱ्या गुरुजींना विचारून बघ ना.

काका (माजी सचिव)

वहिनी, अधिकात करत नाहीत ते दरवर्षीचं. पहिल्याचं वेगळं असतं. 2015 ला आषाढ अधिक होता, तेव्हा वडिलांचं आम्ही असंच केलं. शिवाय 25 मेला इथे इंग्लंडमध्ये बँक हॉलिडे आहे आणि तो आठवडाभर शाळांना सुट्टी. शिक्षक मंडळींना जूनमध्ये रजा कोण देणार? फक्त एक नमूद करतो, बैठकीची ऑनलाइन जोडणी आपल्या इथल्या मंडळाच्या खात्यावरून होणार असेल तर आधी कार्यकारिणीला विचारायची पद्धत आहे.

ताई

काका, हे माझ्या आईचं श्राद्ध आहे, मंडळाचा गणपती नाही. मी माझ्या फोनवरून जोडून देईन.

मावशी, लेस्टर

तारखेचं तुम्ही बघा. मला दोन्ही वेळा येता येणार नाही, गुडघे विमानात बसू देत नाहीत.

माझं ऑपरेशन झालं तेव्हा माई अकरा दिवस दोन बस बदलून हॉस्पिटलात यायची. जानेवारीतली थंडी, फुटपाथवर बर्फ. थर्मासमध्ये मऊ भात, वर मेतकूट, आणि रुमालात बांधलेली लिंबाच्या लोणच्याची छोटी डबी. मी दोन घास खाल्ले की ती तिसरा स्वतः भरवायची. माझ्या घरात तेव्हा काय चाललं होतं ते तिला एकटीला ठाऊक होतं. तिने ते कुणापाशी काढलं नाही. अण्णा, तुमच्यापाशीसुद्धा नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

तिचा एक स्टीलचा डबा माझ्याकडे राहिलाय. बुडाला चिकटपट्टी, त्यावर तिच्या अक्षरात 'माई, परत'. रिकामा डबा परत करू नये म्हणून ठेवला, आणि ती नाशिकला गेली. कुणी नेईल का?

वहिनी, हॅरो

मावशी, मेतकूट घालून द्या त्यात. पण गहू घालू नका, माई घालायच्या नाहीत.

काका (माजी सचिव)

घालायच्या. मूठभर गहू, भाजून. मी स्वतः त्यांच्या स्वयंपाकघरात उभा राहून पाहिलंय.

ताई

गहू घालायची. चण्याची डाळ, उडीद डाळ, तांदूळ, मूठभर गहू, सगळं वेगवेगळं भाजून. मेथी अगदी चिमूट. माझ्या भावाला मेथी कडू लागायची म्हणून. तो चाळिशीचा झाला तरी तिने मेथी वाढवली नाही.

वहिनी, तुम्ही तिकिटं बदलू नका. 24 जूनला निजातली, म्हणजे नेहमीच्या ज्येष्ठातली दशमी येते, त्या दिवशी घरी जेवायला या. अण्णांनाही बरं वाटेल.

अण्णा, नाशिक

सर्वांना आशीर्वाद.

बैठक संध्याकाळी 6 ला नको, 4 ला ठेवा. तुमच्याकडे साडेअकरा वाजलेले असतील. मेमध्ये गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला असते. नाशिकला परत आल्यापासून हिने एक दिवस चुकवला नाही. विषय कुठलाही असो, पुढून तिसरी रांग. माझी पाठ दुखते म्हणून पिशवीत उशी घेऊन यायची, आधी माझ्या पाठीला लावायची आणि मग स्वतः बसायची. कधी व्याख्यान रटाळ असलं तर मला म्हणायची, तुम्ही डोळे मिटा, काय म्हणाले ते मी घरी सांगते. आणि सांगायची.

गेल्या वर्षी मेच्या शेवटापर्यंत आम्ही जात होतो. नंतर पाचच दिवसांत गेली.

25 तारखेला मला संध्याकाळी तिथे जायचं आहे. उशी मी नेईन.

लेस्टरच्या मावशींना सांगा, डबा जरूर पाठवा. घरात त्याची जागा रिकामी आहे.

काका (माजी सचिव)

अण्णा, मी 23 ला निघतोय. कार्यकारिणीचं मी मागे घेतो, मंडळाचं खातं वापरा. मावशी, शुक्रवारी दुपारी तुमच्याकडे येतो. मेतकूट भरून झाकण घट्ट लावून ठेवा, वरून एक रबर बँड. डबा हातातल्या बॅगेत नेणार आहे, सामानात टाकणार नाही.