कचऱ्याचे नवे नियम आपल्याला लागू होतात का? (सोसायटी ग्रुप, जळगाव)

सचिव: सगळ्यांना नमस्कार. घनकचऱ्याचे नवे केंद्रीय नियम १ एप्रिल २०२६पासून लागू आहेत, २०१६चे गेले. आता घरातच चार भाग करायचे: ओला, सुका, सॅनिटरी आणि 'विशेष काळजीचा'. आपली सोसायटी 'बल्क जनरेटर'मध्ये (म्हणजे मोठ्या प्रमाणावर कचरा करणाऱ्यांत) बसते का, ते रविवारच्या मीटिंगआधी इथेच ठरवू.

ए-१०३: आपला कचरा रोजचा १०० किलो भरत नाही. मग प्रश्नच कुठे येतो?

बी-४०२: ताई, १०० किलो ही तीनपैकी एक अट. बांधकाम २०,००० चौरस मीटर, पाणी रोज ४०,००० लिटर किंवा कचरा १०० किलो, यातली एकही गाठली तरी नियम लागतो. आपल्यासारख्या सोसायट्या पाण्याच्या अटीत सापडतात. ८४ फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर धरले तर ४५,३६० लिटर होतात. पण हा कागदावरचा हिशोब. काही फ्लॅट बंद आहेत, तेव्हा मोजूनच घ्या.

आपल्याकडे नळ एक दिवसाआड येतो, त्याचा इथे फायदा. नळ नसलेल्या दिवशी सकाळी ६ वाजता गच्चीवरच्या टाक्या काठोकाठ भरून मोटार बंद करा आणि खालच्या टाकीत मोजपट्टी सोडून पाणी कुठवर आहे ते लिहा. दुसऱ्या दिवशी नळ यायच्या आत वरच्या टाक्या पुन्हा काठोकाठ भरा, मगच पट्टी सोडा. खालची टाकी ६ बाय ४ मीटर, म्हणजे एक सेंटीमीटर उतरला की २४० लिटर गेले. १६७ सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त उतरली, तर आपण नियमात बसलो. वरच्या टाक्या दोन्ही वेळी भरलेल्या नसतील तर आकडा खोटा येणार. त्या २४ तासांत बोअरचं पाणी टाकीत सोडू नका, टँकरही नको. असं तीनदा मोजा, त्यात एक दिवस सुट्टीचा घ्या, कारण धुणं त्याच दिवशी जास्त निघतं.

सी-२०१: आणि बसलो तर?

बी-४०२: केंद्राच्या पोर्टलवर नोंदणी, आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा. जागाच नसेल तर त्याऐवजी नगरपालिका-महापालिकेकडून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. आपल्याकडे मागच्या भिंतीलगत जागा आहे, म्हणून तिथे खताचे हौद बांधावेत, असं माझं मत.

सी-२०१: बापू, हौद किती लागतील? वास आला तर तळमजल्यावाले ऐकणार नाहीत.

डी-००२ (बापू): पाच. ओला कचरा रोज ४०-४५ किलो धरा, म्हणजे साधारण १०० लिटर. तेवढाच कोरडा पाला मिसळायचा. दोन दिवसांत ढीग निम्मा बसतो, त्यामुळे एक मीटर लांब-रुंद-उंच हौद दहा दिवसांत भरतो. पाचवा भरेपर्यंत पहिल्यात खत तयार होत आलेलं असतं. विटा जाळीदार लावा, बाजूनं हवा खेळली पाहिजे. तळाशी वीतभर विटांचे तुकडे.

वास येतो तो कचऱ्याचा नाही, चुकीचा येतो. कुजक्या अंड्यासारखा आला तर आत हवा नाही: ढीग उलटा आणि पाला घाला. डोळ्यांत झोंबणारा, अमोनियासारखा आला तर ओलं जास्त, पाला कमी. मुंग्या लागल्या तर ढीग कोरडा पडलाय. दर थरावर तीन बोटं पाला पसरला की माशी बसत नाही. जाड करड्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, औषध मारू नका, त्या कचरा खाऊन लवकर संपवतात.

खरा त्रास आपल्या उन्हाचा. पुण्या-मुंबईची माहिती वाचून केलेले हौद खान्देशात एप्रिल-मेमध्ये बंद पडतात. पारा ४४-४५ वर गेला की ढिगाचा बाहेरचा वीतभर थर भाजल्यासारखा होतो आणि कुजणंच थांबतं. वरून पत्रा नको, पत्र्यानं आणखी तापतं. हिरवी शेडनेट आणि ओलं गोणपाट टाका. मूठभर माल घट्ट दाबा: बोटांतून एक-दोन थेंब निघाले तर बरोबर, धार लागली तर जास्त, भुगा झाला तर पाणी शिंपडा. लोखंडी सळई मधोमध पाच मिनिटं खोचून ठेवा. काढल्यावर हातात धरवली नाही तर काम चालू आहे.

पाला म्हणून केळीची वाळलेली पानं उत्तम, शेतातून कुणीही आणून देईल. भुईमुगाची टरफलंही चालतात. पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) अख्खी टाकू नका, वर्षभर तशीच राहते. आंब्याच्या कोया आणि नारळाच्या करवंट्या वेगळ्या काढा. टरबुजाच्या दिवसांत पाला दुप्पट. आणि भाजीची तर्री मोरीत किंवा हौदात ओतू नका, कागदात टिपून टाका. तेलानं ढीग चिकट होतो आणि हवा अडते.

ए-३०१: सॅनिटरीचं काय करायचं?

बी-३०४: वहिनी, डायपरमधली घाण आधी संडासात टाका, मग डायपर किंवा पॅड वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून वर लाल ठिपका द्या. हा डबा झाकणाचाच हवा. ठिपका यासाठी, की गाडीवरच्या बाईंना पुडी उघडून बघावी लागू नये. त्या हातमोजे घालतात, पण सुई हातमोज्यातून आरपार जाते. म्हणून इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून बूच लावा आणि 'विशेष काळजी'च्या डब्यात द्या. ट्यूबलाइट, पाऱ्याचा थर्मामीटर, मुदत संपलेल्या गोळ्या, रंगाचे डबे त्याच डब्यात. मोबाइल-चार्जर त्यात नको, ई-कचऱ्याचे नियम वेगळे आहेत.

ज्यांची शेती आहे त्यांना हात जोडून विनंती. कपाशीवरच्या औषधाचे रिकामे डबे पार्किंगमध्ये आणून ठेवू नका. ते शेतातच तीनदा विसळा, ते पाणी फवारणीच्या पंपात ओता आणि डब्याला भोक पाडा, म्हणजे त्यात कुणी तेल-पाणी भरणार नाही.

सचिव: भंगाराचे पैसे एखाद्या संस्थेला द्यावेत असं मागे निघालं होतं.

बी-४०२: द्या, पण चेकनं. २,०००च्या वर रोख दिलं तर त्यावर करसवलत नाही, आणि जुने कपडे-भांडी दिली तर मुळीच नाही. आधी संस्थेचा धर्मादाय नोंदणी क्रमांक मागून घ्या. मीटिंगमध्ये ठराव झाल्याशिवाय सोसायटीच्या खात्यातून रक्कम काढू नका.

डी-००२ (बापू): बुधवारी नळ नाही. पट्टी माझ्याकडे आहे, पहाटे साडेपाचला मोटार चालू करतो. सहाला कुणीतरी गच्चीवर उभं राहा, टाक्या काठोकाठ भरल्या की खाली हाक मारा.

ए-१०३: मी राहते.