मदत हवी आहे : रिचार्ज शाफ्टमध्ये पाणी उतरत नाहीये, अहवाल कसा देऊ?

पाणवठा_२:
नमस्कार, जरा लवकर सांगा कुणीतरी. भूजल पुनर्भरणाच्या प्रात्यक्षिक कामांची देखरेख आमच्या संस्थेकडे आहे. नाल्यात बंधाऱ्याच्या पोटात शाफ्ट घेतले, म्हणजे साठलेलं पाणी गाळून बोअरमधून थेट खालच्या खडकात उतरवणारे खड्डे, पाऊस झाला, बंधारा भरला आणि पाणी तसंच उभं आहे. वरून रोज फोन, पातळी किती वाढली ते कळवा, त्याशिवाय पुढचा हप्ता नाही. गावात लोक विचारतात ताई पाणी कधी उतरणार. काय करू आणि अहवालात काय लिहू?

काळाकातळ:
ताई, गाव कुठलं? खाली काय लागलं? शाफ्ट किती खोल, फिल्टर काय भरलाय, पावसाआधी विहिरी मोजल्या होत्या का? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

नांगरमुठ्या:
शाफ्ट-बिफ्ट सोडा, नाला खोल करा, रुंद करा. धुळे जिल्ह्यात शिरपूरला असंच नाला खोलीकरणाचं काम झालंय, जाऊन बघा एकदा. आमच्याकडे खोलीकरण केल्यापासून विहिरी एप्रिलपर्यंत टिकतात, आधी संक्रांतीलाच तळ दिसायचा.

काळाकातळ:
शिरपूर तालुक्यात एका भागात तापीचा गाळ आहे आणि दुसऱ्या भागात बेसाल्ट म्हणजे काळा कातळ, दोन्हीकडे काम वेगळं करावं लागतं. सरसकट सगळीकडे पोकलेन लावून मुरूम खरवडून नेला तर पाणी मुरणार कशात? मुरूम हीच तर आपल्याकडची टाकी.

नांगरमुठ्या:
पुस्तकात असेल. आम्ही डोळ्यांनी पाणी बघितलंय.

पाणवठा_२:
भांडू नका हो. पुरंदर तालुका, खडक आपला नेहमीचाच, बेसाल्ट. फिल्टर एस्टिमेटप्रमाणे, तळाला गोटे, मधे खडी, वर जाड वाळू. विहिरींच्या नोंदी गावातल्या मुलाने घेतल्यात, वहीत आहेत.

गच्चीवरचा_पाऊस:
आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गच्चीचं पाणी फिल्टर लावून बोअरला सोडलंय, मस्त चाललंय. दरवर्षी पावसाआधी गच्ची धुवायची आणि पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायचं. पाईप सहा इंची घ्या.

पाणवठा_२:
दादा इथे गच्ची नाही, नाला आहे, गाळाचं पाणी येतं.

मुरूमवाली:
मग आधी गाळच बघा. नाल्याचं पहिलं पाणी चहासारखं लाल येतं, त्यातली माती वाळूवर बसते आणि साय धरते. जाड वाळू सगळ्यात वर एवढ्यासाठीच ठेवतात की गाळ तिच्यावर अडावा आणि खरवडून काढता यावा. पंप लावून पाणी खाली घ्या, वरची दोन-तीन इंच वाळू काढा, हातात चोळून बघा. चिकट लागली तर बदला. तरीही उतरलं नाही तर दोष खाली आहे. शाफ्ट भरून दर दहा मिनिटांनी पातळी किती उतरते ते मोजा, अर्ध्या दिवसात कळेल.
आणि अहवालात ऑक्टोबरची वाढ शाफ्टच्या नावावर लिहू नका प्लीज, पावसाळ्यानंतर सगळ्याच विहिरी वर येतात. बंधाऱ्याच्या खालच्या विहिरी, वरच्या विहिरी आणि काम न झालेल्या शेजारच्या नाल्यावरच्या दोन-तीन, यांची तुलना जानेवारी आणि मार्चमध्ये करा, सोबत त्या वर्षीचा पाऊस लिहा. पातळी सकाळी मोटार सुरू व्हायच्या आधी घ्यायची. रात्रपाळीची लाईट असेल त्या आठवड्यात तर ही वेळही चालत नाही, हे त्या मुलाला सांगा.

अंजीरवाला:
मुरवून फायदा कुणाला? आम्ही अंजीर ठिबकवर जगवायचं आणि पलीकडच्याने पाचशे फुटी बोअर मारून उपसायचं. २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या खाली गेलेल्या विहिरींवर बंधनं घालायची सोय आहे, वापरतंय कोण? तुमच्या प्रकल्पात उपशाचा हिशोब आहे का ताई?

मुरूमवाली:
मुद्दा शंभर टक्के बरोबर, पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे त्यांचा शाफ्ट अडलाय.

नांगरमुठ्या:
मोजून पाणी वाढतं का कधी?

मुरूमवाली:
नाही वाढत. पण हेच काम पुढे शंभर गावांत करायचं की नाही हे सरकार या आकड्यांवरून ठरवणार. खोटी वाढ लिहिली तर तिथेही पाणी असंच वर उभं राहील आणि लोकांचा विश्वास जाईल तो वेगळाच.

पाणवठा_२:
वाळू बदलली. एक शाफ्ट चांगला प्यायला लागला, खरंच आभार. दुसरा ढिम्म. त्याच्या बोअरचा लॉग, म्हणजे किती खाली कुठला थर लागला त्याची नोंद, ठेकेदाराच्या बिलाला जोडलेला सापडला. वर मुरूम, मग लाल मातीचा थर, त्याखाली जाळीदार खडक, मग काळा पत्थर. केसिंग, म्हणजे बोअरमधला आधाराचा पाईप, लाल थराच्या खालपर्यंत आहे.

काळाकातळ:
लाल थर भिजून फुगतो, ढासळतो, म्हणून तिथे केसिंग बरोबर आहे. पण केसिंगला भोकं कुठून कुठपर्यंत आहेत? मुरमातही नाहीत आणि खाली जाळीच्या पोकळ्या पांढऱ्या खनिजाने भरलेल्या असल्या तर पाण्याला वाटच नाही. बोअर मारताना काढलेला चुरा कुणी ठेवलाय का?

पाणवठा_२:
मशीनवाल्याला विचारते, उद्या सकाळी साईटवर बोलावलंय.