पलुसकरांच्या चित्रातले डोळे

गायक विष्णु दिगंबर पलुसकरांच्या जलरंगातल्या व्यक्तिचित्रात डोळे कच्चे राहिलेत, चित्रकाराचा हात चुकला, असं तुम्ही लिहिलंत. मला तसं वाटत नाही. परवा मी अगदी जवळ जाऊन बराच वेळ बघितलं. मिशा, फेट्याच्या चुण्या, तंबोऱ्याचा भोपळा, सगळं कोरड्या कागदावर नेटकं ओढलंय. फक्त डोळ्यांपाशी कागद ओला ठेवून रंग सोडलाय. तपकिरी छटा पापणीवरून गालाकडे पसरत गेलीय, बुबुळाला कडाच नाही. ज्याला फेट्याची एकेक चुणी जमते, त्याला बुबुळ जमणार नाही का?

लहानपणी फटाक्याच्या अपघातात पलुसकरांची दृष्टी अधू झाली. शाळा सुटली आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं सुरू झालं. पुढे १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय ही संगीतशाळा काढली ती याच अधू नजरेच्या माणसाने! हे ठाऊक असलेल्या चित्रकाराने डोळे रेखीव काढले असते, तर मला खटकलं असतं.

आणि कपाळावरचा उजेड बघितलात का? तो पांढरा रंग नाही, कोरा राखलेला कागद आहे. जलरंगात ही जागा आधीच ठरवावी लागते, एकदा रंग बसला की ती तशी परत मिळत नाही. उत्तरायुष्यात पलुसकर आपल्या नाशकात रामनाम आधार आश्रमात रमले. तो उजेड मला त्या दिवसांचा वाटतो.

पार्श्वभूमीचा निळा मात्र गढूळ झालाय, हे तुमचं पटलं. अर्धवट सुकल्यावर पुन्हा ब्रश फिरवलाय. जमलं तर सकाळी जा, तिरक्या उन्हात डोळ्यांपाशी कागदाचा पोत स्पष्ट दिसतो.